कुड्यांना ईएफ-व्हीव्हीएसच हवं का?

प्रश्न : मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे, तिला हिऱ्याच्या कुड्या करायच्यात. बजेट दोन लाख, थोडं वरखाली चालेल. आमचे नेहमीचे सराफ म्हणतात ईएफ-व्हीव्हीएसच घ्या, त्याच्याखाली बघूच नका. मॉलमधल्या एका शोरूममध्ये लॅब ग्रोन दाखवले, दिसायला डिट्टो तेच आणि किंमत एवढी कमी की आम्हालाच शंका आली. सासूबाई म्हणतात ब्लू जागर घ्या आणि काळा ठिपका अजिबात नको, त्या स्वतःच्या जुन्या कुड्या मोडीत घालायलाही तयार आहेत. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती म्हणते कुड्या कोण घालतं आता, त्यापेक्षा एकेक खड्याचे टॉप्स घ्या. यूट्यूबवर फोर सीचे, म्हणजे कलर, क्लॅरिटी, कट आणि कॅरटचे, व्हिडिओ बघून बघून डोकं पार भंजाळलंय. नेमकं काय बघून घ्यायचं ते सांगा.
– एक आई, डोंबिवली

ताई, आधी तुमच्या सराफांबद्दल. त्यांनी चुकीचं काहीच सांगितलेलं नाही, ईएफ हा रंग आणि व्हीव्हीएस ही आतली स्वच्छता, दोन्ही वरच्या पायरीचं, म्हणजे उत्तम माल, वादच नाही. माझं म्हणणं एवढंच की कुडीमध्ये तो पैसा दिसत नाही. कुडी म्हणजे सात खड्यांचं फूल, त्यातला एकेक खडा अडीच-तीन मिलीमीटरचा, तो पिवळ्या सोन्यात बसणार, कानावर जाणार, आणि बघणारा माणूस दोन हात लांब उभा. तिथे ई कलर की जी कलर हे मलाही ओळखता येणार नाही, आणि मी मुंबईच्या हिरे बाजारात, ऑपेरा हाऊसला, सॉर्टिंगच्या टेबलावर डोळे फोडलेत बरं का.

आता ही अक्षरं काय आहेत ते बघू, म्हणजे काउंटरवर कोणी फाडफाड बोललं तरी तुम्ही दबणार नाही. कलरची पट्टी डी पासून झेड पर्यंत असते, ही अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेने बसवलेली. डी-ई-एफ म्हणजे रंगहीन, जी ते जे म्हणजे जवळपास रंगहीन, त्यापुढे पिवळसर झाक वाढत जाते. पण लॅबमध्ये हा कलर बघतात कसा? खडा उलटा ठेवून, म्हणजे टोक वर आणि सपाट तोंड खाली, पांढऱ्यावर, बाजूने, नमुन्याच्या खड्यांशी ताडून. घालणारी बाई हिरा असा उलटा थोडीच घालते! सुलटा ठेवला की चमकेमध्ये ती बारीक झाक विरून जाते, आणि कडेला पिवळं सोनं असलं की सोन्याचाच रंग खड्यात उतरतो, म्हणजे तुम्ही डी-ई च्या पांढरेपणाचे पैसे मोजायचे आणि सोन्याने तो पिवळा करून टाकायचा. पिवळ्या सोन्यात जी-एच बिनधास्त घ्या, आय सुद्धा चालून जातो. व्हाइट गोल्ड किंवा प्लॅटिनम असेल तर मात्र थोडं वर रहा.

घरचा प्रयोग दुकानातच करून बघा. पांढऱ्याशुभ्र कागदाला मधोमध घडी घाला, त्या घडीत दोन-तीन वेगवेगळ्या कलरचे सुटे खडे तोंड खाली करून शेजारीशेजारी ठेवायला सांगा आणि बाजूने बघा. तिथे फरक दिसेल. मग तेच खडे सुलटे करा आणि परत बघा. आणि एक, हिरे ज्या पुडीतून काढतात तिच्या आतला पातळ कागद पुष्कळदा निळसर असतो, त्या निळ्यावर पिवळट खडासुद्धा पांढरा वाटतो, म्हणून पुडीतला माल पुडीतच बघून पसंत करायचा नाही, पांढऱ्या कागदावर घ्यायचा.

व्हीव्हीएस ही क्लॅरिटी, म्हणजे आतली स्वच्छता. दहा पट भिंगातून बघतात. आयएफ म्हणजे आत काहीच नाही, मग व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय आणि शेवटी आय (कलरमधला आय वेगळा), ज्यात साध्या डोळ्यांनाही दोष दिसायला लागतात. व्हीव्हीएस चा दोष भिंगातूनही सरावलेल्या माणसाला शोधावा लागतो. व्हीएस चा भिंगातून सापडतो, डोळ्यांना दिसत नाही. एसआय चा भिंगातून पटकन दिसतो, डोळ्यांना सहसा नाही, पण एसआय-२ मध्ये, म्हणजे एसआय-१ च्या खालच्या पायरीत, कधीकधी दिसून जातो. कुडीच्या मापाला व्हीएस म्हणजे भरपूर झालं, आणि बजेट ताणलं जात असेल तर नीट निवडलेला एसआय-१ सुद्धा कानात व्हीव्हीएस सारखाच दिसतो. मी स्वतःसाठी घेतले तर जी-एच, व्हीएस घेईन आणि वाचलेले पैसे पुढे सांगते त्यात घालीन.

सासूबाईंचा काळ्या ठिपक्याचा आग्रह मात्र मला पटतो, शुभ-अशुभ तुमचं तुम्ही बघा, पण पांढरट दोष पैलूंमध्ये मिसळून जातो आणि काळा असला की तो पैलूंमधून उलटसुलट दिसत राहतो, एकाचे चार होतात, त्यातही बरोबर मध्यावर असला तर फारच. दोष कडेला असेल तर कोंदणाखाली झाकला जातो. फक्त कडेला चीर असेल तर तिथे नको, कारण खडा बसवताना दाब तिथेच येतो, आणि हिरा कितीही कठीण असला तरी ठराविक दिशेने फटका बसला की कपचा उडतो.

भिंग कसं धरायचं तेही सांगते, बहुतेक गिऱ्हाईकं ते चष्म्यासारखं लांब धरतात आणि काही न दिसताच मान डोलावतात. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं, दागिना भिंगापासून एक इंचावर आणायचा, कोपर टेबलावर टेकवायचे म्हणजे हात हलत नाही. दुसरा डोळा मिटू नका, दमतो.

आता ज्यात पैसे घालायचे ते. कट. कुडीत चमकतो तो कट, आणि नेमकं त्याबद्दलच काउंटरवर कोणी अवाक्षर काढत नाही कारण ईएफ-व्हीव्हीएस सारखं तोंडात बसलेलं घोषवाक्य त्याला नाही. खाणीतून येतो तो खडा तुरटीच्या खड्यासारखा मंद असतो, त्याला तेज येतं ते पैलूंमुळे. वरून शिरलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून परत वरूनच बाहेर यायला हवा. खडा फार उथळ कापला तर उजेड खालून निसटतो, मधे धुरकट काच बघितल्यासारखं वाटतं. फार खोल कापला तर मधे काळपट वर्तुळ दिसतं. शिवाय खोल खड्यात वजन पोटात जातं, वरून तो लहानच दिसतो, म्हणजे तुम्ही न दिसणाऱ्या वजनाचे पैसे भरता. हे असं का होतं? तर कच्च्या हिऱ्यातून जास्तीत जास्त वजन वाचवायचं असतं. वजन विकलं जातं, तेज तोलता येत नाही. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात, तिथे अप्रतिम कामही होतं आणि वजन राखायचं कामही होतं, ऑर्डर काय आहे त्यावर.

मोठ्या गोल खड्याला सर्टिफिकेटवर कटची ग्रेड असते, एक्सलंट, व्हेरी गुड अशी, आणि टॉप्सच घ्यायचे ठरले तर मी एक्सलंटच्या खाली जाऊ नका म्हणेन. कुडीच्या बारीक खड्यांना ही सोय नाही, प्रत्येक खड्याचं वेगळं सर्टिफिकेट निघत नाही. दागिन्याबरोबर जे कार्ड मिळतं ते अख्ख्या दागिन्याचं असतं, त्यावर कलर-क्लॅरिटी बहुधा रेंजमध्ये लिहितात आणि बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की कोंदणात बसलेल्या स्थितीत जेवढं दिसलं तेवढं तपासलंय. म्हणजे तिथे कागदापेक्षा तुमचे डोळेच कामाचे.

तर काय करायचं, दुकानातल्या झगमगत्या दिव्यांखालून कुड्या उचलायच्या, त्या स्पॉटलाइटखाली काचसुद्धा लखलखते, आणि दाराशी किंवा खिडकीशी जायचं. कडक उन्हात नाही हं, उन्हात चांगला हिरासुद्धा काळवंडल्यासारखा दिसतो. सावलीत, साध्या उजेडात. जमलं तर साध्या ट्यूबलाइटखाली पण, कारण लग्नाच्या हॉलमध्ये नि घरात तोच उजेड असतो. कुडी हळू डावी-उजवीकडे हलवा आणि सातही खडे एकत्र बघा. सातपैकी एक जरी मख्ख असला तरी तो पहिल्यांदा डोळ्यात भरतो, आणि तो मख्ख आहे ते कलरमुळे किंवा क्लॅरिटीमुळे क्वचितच, बहुतेक वेळा कटमुळे. सरळ सांगा, हा बदलून द्या. चांगला सराफ बदलून देतो.

आणि हे नक्की विचारा, फुल कट आहेत की सिंगल कट. फुल कट म्हणजे सत्तावन्न-अठ्ठावन्न पैलू, सिंगल कटला सतरा-अठराच. जुन्या दागिन्यांत आणि स्वस्तातल्या मालात सिंगल कट दिसतो, त्याची चमक वेगळी, मोठमोठ्या ठिणग्यांसारखी पण थोडी, काहींना आवडतेही. पण भाव फुल कटचा लावून सिंगल कट देऊ नयेत एवढंच.

लेकीचं टॉप्स की कुड्या. इथे थोडा हिशोब करू. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि एका कॅरटचे शंभर सेंट. समजा दोन्ही कान मिळून साधारण एक कॅरट घ्यायचंय. टॉप्स केले तर एकेका कानात पन्नास सेंटचा एक खडा, व्यास जेमतेम पाच मिलीमीटर. कुड्या केल्या तर चौदा खडे, एकेक सात सेंटचा, पावणेतीन मिलीमीटर, आणि सातांचं फूल झालं की आठ मिलीमीटरच्या पुढे जातं. म्हणजे वजन तेच आणि कुडी कानावर दीडपट मोठी दिसते. वर अजून गंमत अशी की हिऱ्याचा भाव खड्याच्या आकाराबरोबर चढत जातो, पन्नास सेंटच्या एका खड्याचा कॅरटमागे भाव सात सेंटच्या खड्यांपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे कुड्या हिऱ्यांच्या पैशात स्वस्त पडतात. कोणी नुसतं 'एक कॅरटच्या कुड्या' म्हणालं तर ते एका खड्याच्या एक कॅरटशी कधीच ताडून बघू नका. उलट टॉप्स घेणारच असाल तर पन्नास सेंटऐवजी अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास शोधा, अर्धा, एक अशा गोल आकड्यावर भाव उडी मारतो आणि डोळ्याला तो एक-दोन सेंटचा फरक कळत नाही. लेकीला दोन्ही घालून आरशात बघू द्या, मगच ठरवा. ती रोज ऑफिसला घालणार असेल तर टॉप्स सोयीचे, सणासुदीला साडीवर घालायचे तर कुडीसारखं काही नाही, हे माझं मत झालं.

ब्लू जागर. सासूबाईंच्या पिढीत हा शब्द म्हणजे शिक्का होता. दक्षिण आफ्रिकेत यागर्सफाँटेन नावाची खाण होती, तिथले काही हिरे पांढरेशुभ्र आणि दिवसाच्या उजेडात किंचित निळसर दिसायचे, त्यावरून जागर हे नाव व्यापारात रुळलं. ती खाण १९७१ मध्ये बंद झाली. आज जे ब्लू जागर म्हणून मिळतात ते बहुतेक त्या खाणीतले नसतात, निळी फ्लुरोसन्स असलेले हिरे असतात, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट किरणांत निळे उजळणारे. उन्हात ते किरण असतातच, म्हणून ती निळसर झाक. लॅबच्या कागदावर ब्लू जागर अशी ग्रेड नसते, तिथे फ्लुरोसन्सच्या पुढे मिडियम ब्लू, स्ट्राँग ब्लू असं लिहून येतं. आणि मजा बघा, ज्याला सासूबाई जास्त पैसे मोजायला तयार आहेत त्यालाच आजचा बाजार वरच्या कलरमध्ये कमी भाव देतो, कारण स्ट्राँग असेल तर काही खडे दुधाळ, धुरकट दिसतात. सगळे नाही. जी-एच-आय कलरमध्ये हीच निळाई पिवळटपणा मारते आणि खडा पांढरा दिसतो. त्यामुळे सासूबाईंना खूश करायला हरकत नाही, फक्त जागर नावासाठी जास्तीचे पैसे देऊ नका आणि सावलीत बघून दुधाळ नाहीत ना याची खात्री करा. सराफाकडे नोटा तपासायचा निळा-जांभळा दिवा असतो, त्याखाली कुड्या धरायला सांगा. काही खडे निळे पेटतील, काही नाही. अशी मिसळ नैसर्गिक मालात अगदी नॉर्मल आहे, त्यावरून चांगलं-वाईट ठरवू नका, सासूबाईंना मात्र जरूर दाखवा, त्यांना फार आवडेल.

लॅब ग्रोन म्हणजे नकली नाही, हे आधी मनातून काढून टाका. अमेरिकन डायमंड म्हणून मिळतं ते झिरकोनिया, मॉइसनाइट हा तिसराच पदार्थ. लॅब ग्रोन हा कार्बनचाच, खराखुरा हिरा, फक्त जमिनीखाली न होता मशीनमध्ये वाढलेला. भिंगातून ओळखता येत नाही, भलेभले हात टेकतात, त्याला वेगळी यंत्रं लागतात. पेनसारखं टेस्टर टेकवून टुक्क वाजवून दाखवतात ना, ते लॅब ग्रोनवरही वाजतं, आणि साधं टेस्टर असेल तर मॉइसनाइटवरही. तेव्हा टुक्क वाजलं म्हणजे खाणीतला, असं समजू नका.

मग घ्यावा का? दिसण्यासाठी घेत असाल तर आनंदाने घ्या. त्याच बजेटमध्ये कितीतरी मोठा, स्वच्छ खडा येईल. पण त्याचे भाव गेल्या काही वर्षांत धडाधड खाली आलेत, मशीनं वाढली की माल वाढतो, तेव्हा उद्या मोडायला गेलात तर हातात काय पडेल याची आशा ठेवू नका. नैसर्गिक हिरा तरी कुठे सोन्यासारखा मोडता येतो म्हणा, तिथेही घडणावळ आणि जीएसटी गेल्यातच जमा, आणि हिऱ्याची परत किंमत त्या पेढीच्या नियमावर. बदलीला किती आणि रोखीला किती, हे दोन्ही टक्के खरेदीच्या दिवशीच पावतीवर लिहून घ्या, तोंडी नको. तुमच्या पत्रावरून वाटतंय की हा दागिना घरात राहायचाय, पुढे नातीला जायचाय, सासूबाईंच्याही भावना त्यात आहेत, तर मी नैसर्गिक घ्या म्हणेन, जी-एच, व्हीएस, फुल कट. आणि लेकीला मोठे टॉप्स हवेच असतील तर ते नंतर लॅब ग्रोनमध्ये करा, भांडण मिटलं. पावतीवर मात्र 'नैसर्गिक' किंवा 'लॅब ग्रोन' असा स्पष्ट शब्द हवा, नुसतं 'डायमंड' लिहिलेलं चालवून घेऊ नका. बारीक खड्यांत एकात एक मिसळणं ही आज व्यापाऱ्यांचीही डोकेदुखी आहे, त्यामुळे खडे मशीनवर तपासलेत का हे विचारलंत तर कोणी रागावणार नाही. रागावला तर तेही कळलं.

पावतीचाच अजून एक हिशोब. एकूण वजन, हिऱ्यांचं वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन अशा तीन ओळी वेगळ्या हव्यात. समजा कुड्या काट्यावर ७.१९६ ग्रॅम भरल्या आणि हिरे ०.९८ कॅरट आहेत. ०.९८ ला ०.२ ने गुणलं की ०.१९६ ग्रॅम, ते वजा केले की सोनं बरोबर ७ ग्रॅम. सोन्याचा भाव या ७ ला लागायला हवा, ७.१९६ ला नाही, नाहीतर तुम्ही हिऱ्यांचे पैसे हिऱ्यांच्या भावाने देऊन वर परत सोन्याच्या भावानेही देता. मोबाईलवर तिथल्या तिथे करून बघा. सोनं हिऱ्याला १८ कॅरटच बरं (सोन्यात कॅरट म्हणजे वजन नाही, शुद्धता), २२ मऊ पडतं, खडा धरणाऱ्या नख्या वाकतात आणि खडा सुटतो. १८ म्हणजे शिक्का ७५० चा, त्याच्या जोडीला सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की खरा-खोटा कळतो. कुडीची पाठ उघडी असावी, म्हणजे मागून धुता येते, हिऱ्याला तेल-तूप चटकन चिकटतं आणि महिन्याभरात तो मंद दिसायला लागतो, कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड नि मऊ ब्रश एवढ्याने परत पहिल्यासारखा होतो. फिरकीचे आटे चार-पाच वेळा काढून-घालून बघा, हिरे कितीही भारी असोत, कुडी हरवते ती फिरकीमुळे.

आता सासूबाईंच्या जुन्या कुड्या. मोडीत घालायची घाई करू नका प्लीज. मोडीत सोन्याचा भाव मिळतो आणि जुन्या खड्यांना 'सिंगल कट आहेत, याला आता गिऱ्हाईक नाही' म्हणून बाजूला सारतात. आधी एखाद्या लॅबमध्ये किंवा दुसऱ्या पेढीवर दाखवून घ्या, त्यातले खडे चांगले निघाले तर तेच नव्या कोंदणात बसवता येतील किंवा लेकीच्या मंगळसूत्राच्या वाट्यांमध्ये घालता येतील. काढायचे ठरले तर तुमच्यासमोर काढायला सांगा, मोजा, सगळ्यांचं मिळून कॅरटमध्ये वजन करा, तो आकडा आणि खड्यांची संख्या चिठ्ठीवर लिहून सही घ्या, वर फोटो काढा. आणि हे काम दिवाळीच्या आधी उरका, नंतर लग्नाच्या ऑर्डरी सुरू झाल्या की कारागीर कोणाचं ऐकत नाहीत.